माहेरचा चावीवाला

शुक्रवारी सकाळी तोलेबायनं सासूच्या पोटावर इन्सुलिनची सुई टोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते. वेळ त्याच्या लक्षात राहिली, कारण टोचून झालं की तो नेहमी घड्याळाकडे बघायचा. अर्ध्या तासाच्या आत कानिपाआपांच्या पोटात अन्न जायला हवं. नाहीतर रक्तातली साखर उतरते, माणूस घामानं भिजतो, बरळायला लागतो आणि मग बरळणंही थांबतं. हे त्याला डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं, कुल्याशनं सांगितलं होतं. गेल्या जुलैत दवाखान्याच्या खाटेवर तिला धड श्वास घेता येत नव्हता, तेव्हा तिनं नवऱ्याला एवढंच बजावलं होतं, "आईला टोचलंस की लगेच खायला दे. मधे दुसरं काम काढू नकोस."

आठ महिने त्यानं मधे दुसरं काम काढलं नव्हतं.

"कळलंसुद्धा नाही रे," कानिपाआपा म्हणाल्या. त्र्याऐंशी वर्षांची म्हातारी. तीन वर्षांपासून उजवी बाजू गेलेली, पण जीभ शाबूत. "हात बसला तुझा आता. पहिल्या दिवशी मेंढी कापायला आल्यासारखा आला होतास."

"लापशी आणतो, आपा."

"थांब. पोळ्या झाल्या का?"

दर शुक्रवारी कुल्याशच्या नावानं सात शेलपेक तळायचे असत. तेलातल्या त्या पातळ पोळ्या करायला तो सासूकडूनच शिकला होता. ती खाटेवरून ओरडून सांगायची, तो स्वयंपाकघरात करायचा.

"झाल्या. आज पीठ फाटत होतं, म्हणून उशीर झाला."

"मग आधी त्या दारी जाऊ देत. गरम आहेत तोवर. गेलेल्या माणसाचा घास आधी घराबाहेर जातो, मग घरातल्यांनी खायचं."

"तुम्ही आधी चार घास खा. टोचलंय तुम्हाला."

"लेकीच्या आधी मी खाऊ होय? आणि समोरच्या दारी जाऊन यायला तुला तास लागतो का? दोन मिनिटांत काही मी मरत नाही. जा, पोरा."

सदुसष्ट वर्षांचा पोर मुकाट्यानं उठला. शेगडी बंद आहे ना ते त्यानं पाहिलं. धूर जावा म्हणून स्वयंपाकघराची खिडकी मघाच उघडली होती, ती तशीच राहिली. बशीत तीन पोळ्या घेतल्या, वर रुमाल टाकला आणि सपाता घालून तो समोरच्या एम्मा गुस्तावोव्नाच्या दारी गेला.

एम्मा दारामागेच उभी असावी. ती त्याला तोलिक म्हणायची. "आलास का, तोलिक? मला वाटलं आज शुक्रवार विसरलास. तासभर नुसता वास येतोय, माझ्या पोटात..."

तिचं दार उघडलं आणि जिन्यात वारा घुसला. दोन दिवस कझाकस्तानातल्या करागांदा शहरात वादळ चाललं होतं. तोलेबायच्या पाठीमागे त्याचं लोखंडी दार सरकलं आणि लागलं. आवाज फार मोठा नव्हता, खट् एवढाच.

तो वळला. एका हातात बशी तशीच धरून दुसऱ्या हातानं त्यानं दार ओढलं. मग बशी खाली ठेवून दोन्ही हातांनी ओढलं. चावी आत खिळ्यावर होती, फोन आत चार्जिंगला लावलेला होता. बाहेरच्या बाजूला नुसता पत्रा आणि चावीचं भोक.

"वाजव की," एम्मा म्हणाली.

"आत उघडणार कोण?"

एम्माच्या ते लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात धरला.

"आपा!" तो दाराला तोंड लावून ओरडला.

"काय रे?" आवाज लांबून आला, पण खणखणीत होता.

"दार लागलं!"

"मग उघड!"

"चावी आत राहिली!"

"अगं बाई! मग मी येऊ का उघडायला, जावईबुवा?" आणि म्हातारी हसली. तिचं हसणं पत्र्यातून ऐकू आलं.

नऊ वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

एम्मानं आपल्या फोनवरून मदत पथकाला फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं. गाडी पाठवतो म्हणाला, डॉक्टरही पाठवतो, पण शहराबाहेरच्या रस्त्यावर दोन बसगाड्या माणसांसकट बर्फात अडकल्यात, सगळे तिकडे आहेत. तासभर तरी धरून चला. त्याआधी जमलं तर येऊ.

"तास?" तोलेबाय म्हणाला. "तास नाहीये माझ्याकडे."

चौथ्या मजल्यावरून खाली पळत जाऊन त्यानं इमारतीच्या दारावरचा एक कागद उपटून आणला. तसले पाचसहा कागद तिथे कायम चिकटवलेले असायचे. जाता-येता तो ते बघायचा आणि वाचायचा नाही. 'कुलूप उघडून मिळेल. पंधरा मिनिटांत. मोडतोड नाही. तीन हजार तेंगेपासून.'

फोन एका बाईनं उचलला. आवाज गोड होता. "बोला, काका."

आणि काका बोलले. पत्ता सांगितला, मजला सांगितला. मग न विचारता बाकीचंही सांगितलं. आत सासू एकटी आहे, अंथरुणाला खिळलीय, साडेनऊला तिला टोचलंय, पोटात काही नाही, अर्धा तास गेला की संपलं. एम्मा त्याची बाही ओढत होती. "एकूण किती घेणार ते विचार. 'पासून' म्हणजे काय ते विचार, तोलिक."

"माणूस मरतंय आत आणि मी भाव करत बसू?" तो तिच्यावर खेकसला.

फोनवरच्या बाईनं पत्ता पुन्हा म्हणून दाखवला. मग म्हणाली, "अजिबात काळजी करू नका हं, काका. लगेच माणूस पाठवते."

लगेच म्हणजे खरोखरच लगेच, दहा वाजायला पाच कमी असताना दोघं वर आले. पुढचा तिशीचा, दाढी केलेला, बोलायला मऊ. मागचा धिप्पाड. तो जिन्याच्या कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलायला लागला, तो शेवटपर्यंत सोलतच राहिला.

तोलेबायनं त्याला काय विचारावं? भाव विचारायला हवा होता, नाव विचारायला हवं होतं. त्यानं तेच विचारलं, जे त्याच्या बापानं अनोळखी माणसाला विचारलं असतं आणि बापाच्या बापानंही.

"कुठला रे तू, पोरा?"

"इथलाच, काका."

"तसं नव्हे. मुळचा. कुळ कुठलं?"

"आधी तुम्ही सांगा. तुम्ही मोठे."

"मी अरगिन. पण आत आहेत त्या नायमान. माझी बायको नायमानांची होती."

त्या माणसानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि छातीवर हात ठेवला. "मग झालंच की! मी नायमान. म्हणजे तुम्ही आमचे दाजी!"

दाजी. कुल्याश गेल्यापासून ही हाक त्याला कुणी मारली नव्हती. तिचे भाऊ अस्तानाला. चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत त्यांचे फोन आले, मग कमी झाले, मग सणापुरते राहिले. तोलेबायच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे घड्याळ पुढे जात होतं आणि तो मात्र डोळे पुसत होता.

"घाबरू नका, दाजी. आमच्या घरची म्हातारी आत आहे, मी बघतो ना."

एम्मा त्याच्या कानाशी आली. "नाव विचार याचं. पावती देणार का विचार. आणि दार नुसतं ओढलं गेलंय, चावी फिरवलेली नाही, हे सांग त्याला. नुसतं लॅच आहे."

"अगं, तो तिच्या माहेरचा आहे," तोलेबाय म्हणाला. त्याच्या दृष्टीनं एवढ्यात सगळं आलं.

चावीवाल्यानं बॅटरीनं भोकात पाहिलं, चुकचुकला, दारावर बोटानं टकटक केली. "साधं नाहीये हे कुलूप. आत खीळ पडलीय. ड्रिल मारावं लागेल."

"मोडतोड नाही म्हणून लिहिलंय," एम्मा म्हणाली.

"दार नाही मोडणार, आजी. कुलूपच जाईल. म्हातारी हवी का कुलूप?"

तोलेबायनं दारापासून बाजूला होऊन त्याला जागा दिली.

ड्रिल सुरू झालं. त्या आवाजानं जिना भरून गेला. पितळेचा चुरा त्याच्या बुटांवर पडत होता. दर दोन मिनिटांनी तोलेबाय हात वर करायचा, आवाज थांबायचा, आणि तो दाराला कान लावायचा.

"आपा! बोला काहीतरी!"

"काय बोलू? कानठळ्या बसल्या. किती वाजले?"

दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "थंडी वाजतेय रे. खिडकी लाव."

तिसऱ्या वेळी आवाज जड झाला होता, जिभेखाली लोकर असल्यासारखा. "कुल्याश," त्या म्हणाल्या, "कुल्याश, खिडकी लाव की गं."

त्यानं चावीवाल्याचा दंड धरला. "ती बरळायला लागली. लवकर कर. लवकर कर, बाबा."

"करतोय ना, दाजी."

पण तो करत नव्हता. तोलेबायनं चाळीस वर्षं खाणीत माणसं खाली-वर नेणाऱ्या पाळण्याची यंत्रं दुरुस्त केली होती. हातात जोर लावलेलं ड्रिल आणि नुसतं फिरत ठेवलेलं ड्रिल यांतला फरक त्याला आवाजावरून कळायचा. हे नुसतं फिरत होतं. ते त्याला ऐकू येत होतं, आणि तरी त्यानं ते मनावर घेतलं नाही. माहेरचा माणूस असं कशाला करेल?

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी ड्रिल थांबलं. तोलेबायनं हात वर केलेला नव्हता.

"आपा!"

आतून काही आलं नाही.

"आपा! कानिपाआपा!" त्यानं मुठीनं दार बडवलं. मग बडवणं थांबवून श्वास रोखून ऐकलं. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीचं तावदान आपटत होतं, तेवढंच.

"का थांबलास?" त्यानं वळून विचारलं.

चावीवाला टिकलीएवढ्या वहीत काहीतरी लिहीत होता. "आता नाजूक काम आलं, दाजी. म्हणून त्याआधी हिशेब करून घेऊ. पंचाण्णव हजार."

"तीन हजार लिहिलंयत तुम्ही!" एम्मा ओरडली.

"तीन यायचे, आजी. 'पासून' असं लिहिलंय. पाच खिळी तोडल्या, एकेकीचे अठरा. शिवाय वादळात आलो त्याचे दोन."

"घे," तोलेबाय म्हणाला. "घे, पंचाण्णव घे, दुप्पट घे. पैसे आत आहेत. उघड, लगेच हातात देतो."

"दार उघडल्यावर सगळ्यांची भाषा बदलते." चावीवाल्यानं बाही मागे सारून मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. आवाज तसाच मऊ होता. "साडेनऊला टोचलं म्हणालात ना फोनवर? पंचावन्न मिनिटं झाली."

तेव्हा तोलेबायला कळलं. त्याला पैशाचं काही वाटलं नाही. त्याला त्या घड्याळाची भीती वाटली. हा माणूस त्याच्याइतकाच नीट मिनिटं मोजत होता. आणि ती मिनिटं त्याला देणारा तोलेबाय स्वतःच होता. फोनवर, कुणी विचारलेलं नसताना.

तो ड्रिलवर झेपावला. कठड्याला टेकलेला धिप्पाड फक्त एक पाऊल पुढे आला, छातीनं त्याला मागे रेटलं आणि पुन्हा बिया सोलायला लागला. तोलेबाय जिन्याच्या पायरीवर बसला तो बसलाच.

"तू तिच्या माहेरचा ना रे," तो खालून म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "तुझ्या कुळातली आई आहे आत."

"दाजी, तुम्ही बायको अरगिन म्हणाला असतात, तर मी अरगिन झालो असतो." त्यानं हे चिडून म्हटलं नाही. एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं म्हटलं. "उगाच वेळ घालवू नका. म्हातारीचाच जातोय."

एम्मानं पैसे पाठवायला आपला फोन उघडला. "माझ्याकडे चाळीस आहेत," ती म्हणाली. "एवढेच आहेत. मेल्यांनो, एवढेच आहेत!"

"चाळीस आत्ता. बाकीचे आत गेल्यावर."

त्याच्या फोननं टिंग केलं. त्यानं पैसे आले का ते बघितलं, शांतपणे. मग पिशवीतून बाटलीच्या प्लास्टिकची कापलेली एक पट्टी काढली. दार आणि चौकट यांच्या फटीत ती सरकवली, खाली ओढली, गुडघ्यानं दाराला एक धक्का दिला. खट्. दार उघडलं.

पाच सेकंदसुद्धा लागली नसतील. अर्धा तास ती पट्टी त्याच्या पिशवीतच होती.

तोलेबाय आत धावला.

कानिपाआपा उशीवरून घसरल्या होत्या. कपाळावर घाम, केस चिकटलेले, ओठ मातीसारखे. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. त्यानं स्वयंपाकघरातून मधाची बरणी आणली, खाटेवर चढला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. घास भरवायचा नाही, गिळता येत नसेल तर गुदमरतं माणूस, हेही कुल्याशचंच सांगणं. बोटाला मध लावून त्यानं गालाच्या आतून चोळला, हिरड्यांना चोळला. पुन्हा बोट बुडवलं.

"आपा. आपा, चाटा. थोडं चाटा."

मागे जमिनीवर बुटांचे आवाज आले. ते दोघं बुटांसकट आत आले होते. त्याच्या घरात आजवर कुणी बूट घालून आलं नव्हतं, कुल्याशला न्यायला आलेले लोकसुद्धा दारात बूट काढून आले होते.

चावीवाला खोलीच्या दारात उभा राहिला. "दाजी, राहिलेले पंचावन्न."

"टेबलावर पाकीट आहे. घे आणि जा."

तो गेला. पण दार वाजलं नाही. बूट पुढच्या खोलीकडे वळले, जिथे कुल्याशचं कपाट होतं. तोलेबायनं बोट पुन्हा मधात बुडवलं. कपाटाचं दार कुरकुरलं. मग पत्र्याच्या डब्याचं झाकण निघालं. लग्नातल्या चांदीच्या बांगड्या ती त्या डब्यात ठेवायची, आणि ते झाकण काढताना नेहमी एक विशिष्ट आवाज व्हायचा. एकेचाळीस वर्षं त्यानं तो ऐकला होता.

तो उठला नाही. डोकं मांडीवरून खाली ठेवलं, तर मध घशात जाईल. त्यानं डाव्या हातानं म्हातारीची हनुवटी धरून ठेवली आणि उजव्या हातानं चोळत राहिला.

बाहेर एम्मा ओरडत होती, शेजारच्यांना हाका मारत होती. जिन्यात धाडधाड पावलं खाली गेली.

मग मांडीवरचं डोकं किंचित हललं. जीभ बोटाला लागली. एकदा लागली, थांबली, मग पुन्हा लागली.

मदत पथक आणि डॉक्टरीणबाई अकराच्या आधीच आल्या. शिरेतून साखर दिल्यावर कानिपाआपांनी डोळे उघडले आणि विचारलं, "एवढं कोण ओरडत होतं रे?" मग त्यांनी डाव्या हातानं जावयाची बाही धरून ठेवली.

"मध लावलात ते बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून दहा मिनिटं गेली असती तर मी काही करू शकले नसते."

तोलेबायनं मान हलवली. दहा मिनिटं, हा आकडा त्याच्या डोक्यात जाऊन बसला.

पथकाचा प्रमुख दाराचं भोक बघून आला. "चावी फिरवलेलीच नव्हती. ड्रिलची काही गरज नव्हती हो. काय नाव सांगितलं त्यानं?"

"विचारलं नाही."

"गाडीचा नंबर? पावती? काहीतरी विचारलं असेल ना त्याला."

तोलेबाय खाटेच्या कडेवर बसला होता. बाही अजून म्हातारीच्या मुठीत होती. "कुळ विचारलं," तो म्हणाला.

प्रमुख कझाकच होता. तो हसला नाही. काहीतरी लिहायला त्यानं वही उघडली होती, ती त्यानं मिटली.

संध्याकाळ व्हायच्या आत एम्मानं तिच्या नवऱ्याच्या जुन्या ओळखीतला पाक नावाचा एक कोरियन चावीवाला बोलावला. त्यानं फोनवरच एकूण रक्कम सांगितली, आल्यावर तीच कागदावर लिहून खाली नाव आणि सही केली. नवं कुलूप त्यानं तोलेबायच्या हातात दिलं, चाव्यांचं सीलबंद पाकीट त्यालाच फोडायला लावलं आणि सगळ्या चाव्या मोजून घ्यायला सांगितल्या. पाठ वळवून काम करत असतानाच तो बोलत होता.

"जो आधीच ड्रिल काढतो, त्याला तिथूनच परत पाठवायचं. शंभरातली नव्वद दारं ड्रिलशिवाय उघडतात. आणि ते खालचे कागद बघितलेत? सगळे एकाच रात्रीत चिकटवतात. नावं वेगळी असतात, फोन उचलणारी बाई एकच. चांगला चावीवाला आधीच शोधून ठेवावा, काका. दार लागल्यावर जो मिळेल तो मिळेल."

"आणि काही सांगू नये त्यांना," तोलेबाय म्हणाला.

"काय सांगू नये?"

"आत काय आहे ते."

पाकनं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

त्या रात्री तोलेबाय झोपला तो सासूच्या खाटेशी, जमिनीवर. झोपला म्हणजे आडवा झाला. तासातासाला उठून तो तिच्या नाकाखाली हात धरायचा. पहाटे तिनं तो हात झटकला. "मेले असते तर मीच सांगितलं असतं."

शनिवारी दुपारी वादळ थांबलं. एम्मा बँकेत आणि पोलिसात चकरा मारायला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी उशाशी ठेवायला साखरेची पेस्ट लिहून दिली होती, ती घरात नव्हती. औषधाचं दुकान दोन इमारती पलीकडे, जाऊन यायला पंधरा मिनिटं. तोलेबायनं आपांना जेवू घातलं, सगळं खाल्लंय का ते ताटलीत वाकून पाहिलं, पाण्याचा पेला आणि मधाची बरणी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. खिडक्या लावल्या. एक चावी खिशात, एक गळ्यात दोरीनं. तो दाराबाहेर आला, दार लावलं, चावीनं परत उघडून बघितलं, पुन्हा लावलं.

एक मजला उतरला आणि परत वर आला. "आपा!"

"काय?"

"काही नाही."

दोन मजले उतरला. परत वर आला. "आपा!"

"अरे आहे रे, आहे! जा की!"

तिसऱ्यांदा तो तळाच्या पायरीपर्यंत गेला. तिथून वरचं काही ऐकू येत नव्हतं. शेजारी इमारतीच्या दारावर चिकटवलेले कागद होते, त्यातला एक कालचा नव्हता, नवा होता. खळ अजून ओली होती. म्हणजे काल रात्री किंवा आज सकाळी ते पुन्हा इथे, या दारापर्यंत आले होते. त्यांना मजला माहीत होता, आत कोण एकटं असतं ते माहीत होतं.

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला, धापा टाकत दार उघडलं. कुल्याशचा फोन कपाटात बंद करून ठेवलेला होता. तो त्यानं आज पहिल्यांदा काढला, चार्जिंगला लावला, आपल्या फोनवरून त्यावर फोन लावला, उचलला आणि तो आपांच्या उशीवर, कानाशी ठेवला.

"हे काय?"

"चालू राहू दे. बंद करू नका. मी जाऊन येईपर्यंत बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला. मला ऐकू यायला हवं."

"येडा झालास की काय, पोरा?" पण तिनं फोनला हात लावला नाही.

आणि तो रस्त्यानं निघाला, फोन कानाला घट्ट लावून. गुडघाभर बर्फातून पायवाट पडली होती, त्यावरून तो घसरत, सावरत जात होता. पलीकडून म्हातारी बोलत होती. टीव्हीवरच्या मालिकेत सून कशी सासूला चहा देत नाही ते सांगितलं, मग सुनेला शिव्या दिल्या. मग छताला कुठे भेग पडलीय ते सांगितलं. लापशीत मीठ कमी होतं ते सांगितलं. कुल्याश मीठ बरोबर घालायची, ते सांगितलं. मग म्हणाली, "ऐकतोयस ना?" तो हो म्हणाला. दर वाक्याला तो हो म्हणत होता.

औषधाच्या दुकानात तो आत शिरला तेव्हा भुवयांवरचा बर्फ वितळून डोळ्यांत उतरत होता. काउंटरमागच्या मुलीनं विचारलं, "काय हवंय, आजोबा?"

त्यानं हात वर करून तिला थांबवलं. फोनमधून काही ऐकू येत नव्हतं. टीव्हीही नाही, श्वासही नाही. त्यानं फोन कानावर आणखी दाबला. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मागे रांगेतला माणूस काहीतरी म्हणाला, त्यालाही त्यानं हातानंच गप्प केलं.

"आपा?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग पलीकडे कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. "हां," कानिपाआपा म्हणाल्या, "तर मी काय सांगत होते?"